‘सिस्टर केनी’ आणि गडचिरोलीची आरोग्यदूत : उपचाराच्या अधिकाराची चिकित्सा
(डहाणू व तलासरी तालुक्यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासात नव्या उपचाराला झालेला विरोध हा क्वचितच केवळ त्या उपचाराच्या गुणदोषांपुरता राहिलेला दिसतो. उपचार करणारी व्यक्ती कोण, तिचे शिक्षण किती आणि तिला तो अधिकार कोणी दिला, हे प्रश्न वादात लवकरच शिरतात. आणि ती व्यक्ती स्त्री असेल, त्यातही पदवी नसलेली असेल, तर मूळ प्रश्न मागेच पडतो. प्रस्तुत लेखात अशा दोन घटनांची चिकित्सा केली आहे. पहिली ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेची असून ती १९४६ च्या ‘सिस्टर केनी’ या चित्रपटामुळे जगभर पोचली. दुसरी गडचिरोली जिल्ह्यातील आरोग्यदूत स्त्रियांची आहे. तिच्यावर असा चित्रपट निघाला नसला, तरी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीचे रोजचे काम तिच्यातूनच आकाराला आले आहे.

चित्रपटातील सत्य आणि सोय

केनी यांचा जन्म १८८० साली न्यू साउथ वेल्समध्ये झाला. परिचर्येचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. ‘सिस्टर’ ही उपाधी त्यांना पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेत मिळाली. (आपल्याकडे उपकेंद्रातील प्रत्येक परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हटले जाते; केनी यांच्या देशात मात्र त्या एका शब्दावरून त्यांची पात्रता तपासली गेली.) पोलिओग्रस्त मुलाचे हातपाय फळ्यांत वा प्लॅस्टरमध्ये महिनोन्महिने जखडून ठेवणे ही त्या काळची मान्य पद्धत होती. केनी यांनी गरम ओल्या लोकरी कापडाचे शेक देऊन आखडलेले स्नायू सैल केले आणि मुलाला हालचाल पुन्हा शिकवली. क्वीन्सलंड सरकारने नेमलेल्या रॉयल कमिशनने १९३८ साली या पद्धतीविरुद्ध अहवाल दिला. १९४० मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १९४२ मध्ये मिनिआपोलिस येथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

डडली निकोल्स दिग्दर्शित चित्रपटात रोझलिंड रसेल यांनी केनी यांची भूमिका केली आहे आणि ती अभिनयाच्या दृष्टीने उत्तम आहे. तथापि समीक्षकाच्या नजरेने पाहता चित्रपटाने स्वतःची सोय करून घेतली आहे, असे म्हणावे लागते. साऱ्या वैद्यकीय व्यवस्थेचा विरोध डॉ. ब्रॅक या एकाच काल्पनिक पात्रात साठवला आहे. विद्यार्थ्यांनी भरलेल्या व्याख्यानगृहात केनी व ब्रॅक समोरासमोर येतात, तो प्रसंग प्रेक्षकाला जिंकतो. परंतु केनी यांच्या मांडणीतील गंभीर उणीव त्यात झाकली जाते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशी नष्ट करतो. केनी मात्र रोगाचे मुख्य स्थान स्नायूंत मानत होत्या. त्यांचा उपचार उपयोगी होता, पण त्याचे त्यांनी दिलेले कारण चुकीचे होते. शिवाय त्यांचा पुरावा म्हणजे बरे झालेले मूल सर्वांसमोर चालवून दाखवणे हा होता. तुलनेसाठी दुसरा गट ठेवून मोजणी करण्याची वाट त्यांनी धरली नाही. विरोधकांचा अहंकार खरा असला, तरी त्यांचे काही प्रश्नही खरे होते, ही गुंतागुंत चित्रपटाला पेलत नाही.

गडचिरोलीतील इंजेक्शन

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेथील ३९ खेड्यांत १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बालकांचे निरीक्षण करण्यात आले. बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती. निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के बालकांना उपचाराची गरज होती. डॉक्टरने पाहिलेली बालके २.६ टक्के होती आणि रुग्णालयात पोचलेली केवळ ०.४ टक्का. ‘बाळाला रुग्णालयात न्या’ हा सल्ला शास्त्रशुद्ध असूनही व्यवहारात तो बाळापर्यंत पोचत नव्हता, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

यानंतर जे केले गेले ते धाडसाचे होते. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातील स्त्रियांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देण्यात आले : बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे, आणि पालकांनी रुग्णालयात नेण्यास नकार दिल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोलचे औषध देणे. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधील निबंधानुसार या गावांतील नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो ५७.७ वरून ५९.६ झाला. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्के झाले.

या प्रयोगावरील आक्षेप दोन प्रकारचे आहेत व ते वेगळे ठेवणे आवश्यक आहे. अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सुई देणे धोक्याचे, हा पहिला. या आक्षेपामागे धास्ती आहे आणि थोडी प्रतिष्ठेची चिंताही. त्या प्रतिष्ठेचे उत्तर मृत्युदराने दिले आहे. दुसरा प्रकार अभ्यासपद्धतीचा आहे व तो वजनदार आहे. गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. अनेक उपाय एकत्र योजल्यामुळे घटलेल्या मृत्यूंत इंजेक्शनचा वाटा नेमका किती, हे त्या एका निबंधातून काढता येत नाही. आणि प्रतिजैविकांच्या सैल वापरातून औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात ही भीती काल्पनिक नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हे आक्षेप निष्कर्षाला मर्यादा घालतात, तो खोडून काढीत नाहीत. केनी यांच्याजवळ जे नव्हते ते, म्हणजे शेजारच्या गावांशी केलेली तुलना, गडचिरोलीजवळ होते.

मात्र येथे एक उलटी बाजूही आहे. चित्रपटात परिचारिका नायिका आहे आणि डॉक्टर प्रतिनायक. गडचिरोलीच्या कथेत नायकत्व डॉक्टर दांपत्याकडे जाते आणि मध्यरात्री बाळाच्या मांडीत सुई टोचणारी स्त्री ‘प्रशिक्षित कार्यकर्ती’ या सामान्यनामात राहते. मराठीतील गौरवपर लेखनाने ही उणीव भरून काढलेली नाही. बाळ आजारी आहे की नाही हा निर्णय त्या स्त्रीने कसा घेतला, आजे-सासूशी कसा वाद घातला, पहिल्या इंजेक्शनच्या वेळी तिचा हात थरथरला का, हे तिच्याच शब्दांत वाचायला मिळायला हवे.

डहाणू-तलासरीच्या संदर्भात

२०११ साली केंद्र सरकारने नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर स्वीकारला. रुग्णालयात बाळंतपण झाल्यास सहा आणि घरी झाल्यास सात भेटी, आणि त्या पूर्ण केल्यावर अडीचशे रुपये, अशी त्याची रचना होती. गडचिरोलीच्या प्रयोगातील भेटी, वजनकाटा आणि उबदार गुंडाळणे हे सारे त्यात आले. इंजेक्शन तेवढे आले नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी जेंटामायसिन देण्याची मुभा विशिष्ट परिस्थितीत उपकेंद्रातील परिचारिकेला दिली. पाड्यावरच्या आशेकडे ती पोचली नाही. व्यवस्थेने उपचार मान्य केला आणि अधिकार एक पायरी वर ठेवला, असे याचे वर्णन करता येईल.

याचे समर्थन करता येत नाही असे नाही. १९९५ ची गडचिरोली आणि आजचा पालघर जिल्हा यांत फरक आहे. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली आहेत, रुग्णवाहिका आहे, डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आणि तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. सीमेवरील गावांतून वापी, वलसाड वा सिल्वासा गाठणारे रुग्णही पुष्कळ. हजारो आशांना गडचिरोलीइतके बारकाईचे प्रशिक्षण व देखरेख देता येईल का, ही प्रशासनाची शंकाही रास्त आहे. परंतु रुग्णालयातील मुक्काम दोन-तीन दिवसांचा असतो. त्यानंतर उद्भवणारा जंतुदोष घरीच प्रकट होतो, आणि तोही अनेकदा अशा घरी, जेथून आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून गेलेली असते. भगताकडे आधी जायचे की सिस्टरकडे, हा निर्णय आजही कुटुंबातील वडीलधारी माणसे घेतात. त्या घराच्या उंबरठ्याच्या आत, वारली बोलीत, बोलू शकणारी पहिली व्यक्ती आशाच असते. याच तालुक्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शिक्षण पाड्यावर नेले, तेव्हा शिक्षिकेने कोठे बसून शिकवावे हा प्रश्नही त्यांना नव्यानेच सोडवावा लागला होता.

आशांच्या गृहभेटींची नोंद बालकागणिक, दिवसागणिक ठेवली जाते. सातव्या, चौदाव्या वा एकविसाव्या दिवशी धोक्याचे लक्षण नोंदले गेलेल्या बालकाला औषधाची पहिली मात्रा किती तासांनी, कोठे आणि कोणाच्या हातून मिळाली, हे या नोंदी व उपकेंद्राच्या नोंदी ताडून काढता येईल. आरोग्य विभागाच्या संमतीने आणि बालकांची ओळख गुप्त ठेवून, समाजशास्त्र व संख्याशास्त्र विभागांनी मिळून एका तालुक्यापुरता हा अभ्यास हाती घेणे शक्य आहे. तलासरी तालुका आकाराने लहान असल्याने सुरुवात तेथून करणे सोयीचे ठरेल.