‘चिर’ म्हणजे कायमचं नव्हे

संशोधनाचा आराखडा लिहायला घेतलात की तिसऱ्या-चौथ्या ओळीत ‘शाश्वत’ येतोच. शाश्वत शेती, शाश्वत पर्यटन, शाश्वत सिंचन. शासकीय मराठीने ‘सस्टेनेबल’साठी हाच शब्द रुळवला, त्यामुळे तुमचा दोष नाही. पण शब्द चुकीचा आहे, आणि त्याने प्रश्नच बिघडतो.

शाश्वत म्हणजे ज्याला अंतच नाही ते. १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालातली व्याख्या पाहा: आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची गरजा भागवण्याची क्षमता धोक्यात आणू नये. यात अनंतकाळ कुठे आहे? हिंदीने ‘सतत’ घेतला. तोही फार बरा नाही, पण निदान अमरत्वाचा दावा करत नाही.

आपल्याकडे ‘चिर’ आहे की! चिर म्हणजे दीर्घकाळ, बस्स. लग्नपत्रिकेत नावामागे ‘चि.’ लावतो तेव्हा आपण कुणाला अमर करत नाही, दीर्घायुष्य चिंतितो. अश्वत्थामा परंपरेने सात चिरंजीवांपैकी एक. पण महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्णाच्या शापाची मुदत तीन हजार वर्षं आहे. लांब आहे, पण मुदत आहे. (‘चिरेबंदी’ मात्र यात ओढू नका. तो चिरा म्हणजे घडीव दगड. अशी व्युत्पत्ती शोधनिबंधात आली की परीक्षक तिथेच थांबतो.)

फरक कुठे पडतो ते सांगतो. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम खोऱ्यांतली फड पद्धत घ्या. नदीवर बंधारा, त्यातून पाट, फडानुसार ठरलेलं पीक, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. ही व्यवस्था काही शतकं चालली. तिला ‘शाश्वत’ म्हटलंत की जणू ती आपोआपच चालत होती, विचारायला काही उरत नाही. ‘चिरस्थायी’ किंवा साधं ‘टिकाऊ’ म्हणा, लगेच प्रश्न सुचतात: किती काळ टिकली? पाटातला गाळ कोण काढत होतं? पाटकऱ्याला मोबदला कोण देत होतं? वर धरण झाल्यावर बंधाऱ्यात पाणी किती उरलं?

माझ्या पहिल्या मसुद्यात ‘शाश्वत’ अकरा वेळा होता. मार्गदर्शकांनी प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने फक्त ‘कधीपर्यंत?’ लिहिलं होतं. सात ठिकाणी मला उत्तर देता आलं. उरलेली चार वाक्यं मी काढून टाकली.