उसनी गाणी, स्वतःचा घसा

कव्हर गाण्यांवर पीएचडी करतेय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे दुसऱ्यांचीच गाणी ना? त्यात काय संशोधन?" बीटल्सचे चाहतेही हेच विचारतात. त्यांच्या लेखी खरे बीटल्स म्हणजे लेनन-मॅकार्टनीची गाणी, बाकी सगळा सराव. मला मात्र ती उसनी गाणीच जास्त आवडतात. आता हे प्रेम अभ्यासाच्या आड येतं का, ते आज तपासून बघते.

आधी हिशोब. 'प्लीज प्लीज मी' (१९६३) या पहिल्या अल्बममधल्या १४ गाण्यांपैकी ६ इतरांची. त्याच वर्षीच्या 'विथ द बीटल्स'मध्ये पुन्हा ६. हे काही तोंडी लावणं नव्हे.

'बॉइज' घ्या. मूळ गाणं शिरेल्स या मुलींच्या गटाचं, मुलांबद्दलचं. बीटल्सकडे ते रिंगो गातो. कडव्यातले शब्द थोडे बदललेत, पण ध्रुवपदातली 'मुलं' तशीच आहेत! त्याला काहीच फरक पडत नाही. ड्रम वाजवत वाजवत तो मजेत ओरडतो. हा बेफिकीर आनंद मला त्यांच्या अनेक 'स्वतःच्या' गाण्यांत सापडत नाही.

'ट्विस्ट अँड शाउट'ची गोष्ट प्रसिद्ध आहे. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी एका दिवसात १० गाणी ध्वनिमुद्रित झाली. लेननला सर्दी झालेली, म्हणून घसा फाडणारं हे गाणं शेवटी ठेवलं. आपण ऐकतो तो पहिलाच टेक. दुसरा घ्यायला गेले तर आवाजच उरला नव्हता. आयस्ली ब्रदर्सच्या १९६२ च्या गाण्यात पार्टीचा मूड आहे. लेनन तेच गाणं जिवावर उदार होऊन गातो. चाल तीच, शब्द तेच, पण शरीर वेगळं. माझ्या अभ्यासाचं सूत्र एका वाक्यात सांगायचं तर हेच: कव्हरमध्ये नवं असतं ते गाणाऱ्याचं शरीर.

पण हे सूत्र 'अ‍ॅना'पाशी अडखळतं. मूळ गायक-गीतकार आर्थर अलेक्झांडर, अलाबामाचा कृष्णवर्णीय कलाकार. त्याच्या गाण्यातली पियानोची ओळ जॉर्ज हॅरिसन गिटारवर वाजवतो, आणि सुंदर वाजवतो. लेनन मात्र मधल्या भागात कळवळून विनवतो. अलेक्झांडर विनवत नाही. प्रेयसीला 'जा' म्हणताना तो आवाज खाली ठेवतो, आणि तिथेच काळजात कालवतं. इतकी वर्षं मी लेननची बाजू घेतली. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर ती घेता येत नाही. मूळ गाणंच सरस आहे.

अलेक्झांडरने पुढे संगीत सोडलं, बस चालवली. १९९३ मध्ये नवा अल्बम घेऊन परतला आणि त्याच वर्षी गेला. यात बीटल्सचा दोष आहे असं मी म्हणत नाही. ते त्याचे निस्सीम चाहतेच होते. चूक माझ्या ऐकण्यात होती. चाहत्यांचं गाणं मी पाठ केलं, आणि ज्याचे ते चाहते होते त्याच्यापर्यंत पोचायला मला पीएचडी करावी लागली.

तुम्हाला एवढं करायची गरज नाही. आज रात्री आधी अलेक्झांडरचं 'अ‍ॅना' लावा, मग बीटल्सचं. क्रम तेवढा चुकवू नका.