परीक्षकाची खुर्ची

महोत्सवाचे परीक्षक तटस्थ असतात, ही भाकडकथा आहे. परीक्षकाची सारी कारकीर्द त्याच्यासोबत खुर्चीत बसते. १९७० चा बर्लिन महोत्सव पाहा. मिखाएल फेरहोवेनच्या 'ओ. के.' या जर्मन चित्रपटात अमेरिकन सैनिक एका व्हिएतनामी मुलीवर बलात्कार करून तिला ठार मारतात. घटना १९६६ ची, खरी. मंडळाचे अध्यक्ष जॉर्ज स्टीव्हन्स अमेरिकन. १९४५ मध्ये डाखाऊची छळछावणी चित्रित करणारा हा माणूस! त्यांच्या मंडळाने बहुमताने सवाल काढला : राष्ट्राराष्ट्रांतील सामंजस्याच्या नियमात हे बसते काय? (आमच्या लेखनाला 'तेढ वाढवणारे' म्हणणाऱ्यांची भाषा वेगळी कुठे आहे? मेलेल्या मुलीशी सामंजस्य कोणी करायचे?)

मंडळात युगोस्लाव्हियाचे दुशान माकावेयेव होते. याच महोत्सवाने १९६८ मध्ये त्यांना रौप्य अस्वल दिले होते. त्या उपकाराखाली ते दबले नाहीत. बंद दाराआडचा प्रकार त्यांनी चव्हाट्यावर आणला. मंडळाने राजीनामा दिला, स्पर्धा बंद पडली, सुवर्ण अस्वल कोणालाच मिळाले नाही. मला हा त्यांच्या चित्रपटांइतकाच मोलाचा वाटतो.

पुढे त्यांच्या १९७१ च्या 'डब्ल्यू. आर.'वर बंदी आली. ती घातली त्यांच्याच समाजवादी मायदेशाने.