अभिजात चित्रपट आणि नवा प्रेक्षक

अभिजात चित्रपटाविषयीचे तरुण प्रेक्षकाचे मत 'अपरिपक्व' म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती समीक्षेत आढळते. कलाकृतीचा अर्थ तिच्या पहिल्या प्रेक्षकांबरोबरच सिद्ध होतो, हे त्यामागील गृहीतक होय. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षांच्या क्षितिजा'ची संकल्पना नेमका याच गृहीतकाला छेद देते.

'प्रभात'चा 'कुंकू' (१९३७) या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. वृद्ध विधुर वकिलाशी फसवून लावलेला विवाह नीरा मनोमन नाकारते. अखेर पश्चात्तापदग्ध काकासाहेब आत्महत्या करून तिला मोकळे करतात. नीरेचे बंड हा या चित्रपटाच्या गौरवाचा स्थायी विषय. आजच्या तरुण प्रेक्षकाला मात्र निराळा प्रश्न पडतो: बंड नीरेचे, तर सुटका पतीच्या हातून का?

हा प्रश्न इतिहासाच्या अज्ञानातून उद्भवत असेल; तथापि त्याचे उत्तर इतिहासाकडेच नेते. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता होती. परंतु काडीमोड न मानणाऱ्या जातींतील हिंदू स्त्रीला मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा लाभला तो १९४७ मध्ये. म्हणजे नीरेपुढे वैधव्य हेच एक दार होते, आणि ते उघडणारा पुरुष स्वतः वकील आहे. शांतारामांच्या शेवटातील ही विदारकता केवळ गौरवाच्या भाषेत हाती लागत नाही.

तरुणांचे मत गंभीरपणे घ्यायचे ते प्रश्न म्हणून. निर्णय म्हणून ते अपुरेच असते. मात्र प्रश्न विचारून थांबणारा प्रेक्षक आणि प्रश्नच न पडणारा समीक्षक, दोघांनीही चित्रपट अर्धाच पाहिलेला असतो.