दाराबाहेर बसलेल्या बाया

'शांतता' हा शब्द ऐकला की मला आमच्या गावची शांतता कमिटी आठवते. १९७८ चा पावसाळा. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. जाळपोळीनंतर चावडीत कमिटी बसली. फौजदार, सरपंच, पोलीस पाटील, चार बागाईतदार अन् आमच्यातले दोन म्हातारे. माझी माय बाहेर चिखलात उभी. घर तिचं जळालेलं, पण तिला कुणी इचारलं नाही. 'झालं गेलं इसरा' असं ठरलं. ठरवलं कुणी? ज्यांचं जळलं नव्हतं त्यांनी.

'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' (२००८) हा जिनी रेटिकरचा माहितीपट बघताना हे सगळं पुन्हा वर आलं. विषय आफ्रिकेतला लायबेरिया. तिथं १९८९ पासून विझत-पेटत चाललेली यादवी थांबवायला २००३ साली बाया रस्त्यावर आल्या. लेमा ग्बोवी पुढं. ख्रिस्ती अन् मुसलमान बाया एकत्र, पांढऱ्या कपड्यांत, मासळी बाजाराजवळ उन्हापावसात बसलेल्या. एप्रिलात अध्यक्ष चार्ल्स टेलरला त्यांचं ऐकावं लागलं. मग घानात अक्राला बोलणी सुरू झाली. पुढारी हॉटेलात, अन् तिकडं मन्रोव्हियावर तोफगोळे. जुलैत बाया सभागृहाच्या दारातच हातात हात गुंफून बसल्या. करार करा, नाहीतर बाहेर पडू देणार नाही!

या चित्रपटाचं मोठं काम म्हणजे बाया स्वतःच्या तोंडानं बोलतात. आम्ही पुरुष लेखकांनी कवितेत 'सोशिक माय' करून आईला देव्हाऱ्यात बसवलं अन् तिचं तोंड बंद केलं. इथं तसं नाही. या बाया चिडतात, हसतात, डावपेच सांगतात.

एक प्रसंग मात्र घशात अडकला. पहारेकरी अटक करायला येतात तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवायला लागते. तिकडं आईचं नागवं अंग दिसणं हा शाप मानतात. पुरुष मागं सरतात. टाळ्या वाजवाव्यात असा प्रसंग. माझे हात उठले नाहीत. आमच्याकडं बाईला नागवं करून धिंड काढतात ती शिक्षा म्हणून. खैरलांजीत २००६ साली मायलेकींचं काय केलं ते सांगायला नको. तिथं समोरचा तिला आई मानतो म्हणून तिची लाज त्याला लागते. इथं आमची बाई त्यांच्या हिशेबात आईच नाही. तेव्हा हा मार्ग उचलून इकडं आणता येणार नाही, मित्रहो.

आता चित्रपटाची खोट. १८ ऑगस्ट २००३ ला करार झाला. त्यात टेलरचं सरकार अन् दोन बंडखोर गट यांना पाच-पाच मंत्रिपदं मिळाली. काही बाया आत होत्याही, पण वाटणी झाली बंदूकवाल्यांत. शांतता-बोलणीत बायांना जागा द्या, असा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५ तर २००० सालचाच! चित्रपट पुढं धावतो अन् एलेन जॉन्सन सर्लीफच्या विजयाच्या आनंदावर येऊन थांबतो. २०११ ला ग्बोवी अन् सर्लीफ दोघींना नोबेलही मिळालं. चांगलंच झालं. पण २०१२ ला टेलरला पन्नास वर्षं झाली ती शेजारच्या सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या बायांवरचे अत्याचार त्या खटल्यात नव्हतेच.

दुसरी खोट त्याहून मोठी. अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेले काळे लोक तिथं गेले, १८४७ ला प्रजासत्ताक केलं, अन् १९८० पर्यंत त्यांचेच वंशज मूळ रहिवाशांच्या डोक्यावर बसले. भांडणाचं मूळ तिथं खोल गेलंय. चित्रपट ते घाईत उरकतो. १९७२ ला ब्लॅक पँथरवरून नाव घेणाऱ्या आपण तरी ते घाईत उरकू नये. सुटलेला माणूस दुसऱ्याच्या मानेवर बसू शकतो. आपल्या घरातही बसतो.

तरी हा चित्रपट वस्तीत दाखवावा. नंतर चर्चा ठेवावी अन् आधी बायांना बोलू द्यावं. माझी माय आता नाही. तिच्या अटी काय होत्या, ते कमिटीनं इचारलं नाही. मीही घरी कधी इचारलं नाही.