ठिपका आणि बांबू

डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी रंगवलेलं मासेमारीचं जाळं पाहताना नजर आधी आकारावर जाते, मग बारीक रेघांवर आणि शेवटी रेघांमधल्या मोकळ्या जागेवर. जाळं पेलतं ते या नेमक्या अंतरांनी. हीच नजर घेऊन ओडीएस पोलादाचं, म्हणजे ऑक्साइड पेरलेल्या पोलादाचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं चित्र वाचावं.

करड्या लोखंडावर दोन ते पाच नॅनोमीटरचे ठिपके दिसतात: यिट्रियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजनचे. मिश्रणात यिट्रिया वजनाने जेमतेम 0.35 टक्के. पण ते दाट आणि सारखं विखुरलेलं असतं, म्हणून तापलेल्या धातूत अणूंच्या रांगा सरकू लागल्या की पावलोपावली अडतात.

कुडाच्या भिंतीवर तांदळाचा पांढरा ठिपका उमटतो, त्याआधी शेणमाती आणि गेरू लागलेला असतो. इथेही ठिपक्याआधीची मेहनतच मोठी. यिट्रिया पोलादाच्या रसात मिसळत नाही, मळीसारखं वर येतं. म्हणून आरगॉन वायूत पोलादी गोळे पोलाद आणि यिट्रियाच्या भुकटीला तासन्‌तास चेपतात, फोडतात, पुन्हा चिकटवतात. यिट्रिया मुरून दिसेनासं होतं. मग भुकटी डब्यात बंद करून, सुमारे 1150 अंशांना तापवून, साच्याच्या तोंडातून रेटली की ठिपके नव्याने उगवतात. टायटॅनियम नसेल तर ते जाड होतात.

या रेटण्याची खूण चित्रात राहते. स्फटिक एकाच दिशेला लांबतात. जाणकार याला बांबूसारखी रचना म्हणतात. डहाणू-तलासरीत ही उपमा उलगडावी लागत नाही: ओढीला चिवट असलेला बांबू कोयत्याच्या घावाने उभा चिरत जातो. या पोलादापासून घडवलेल्या अणुइंधनाच्या नळीत वायूचा दाब आतून बाहेर रेटतो, म्हणजे नळीही अशीच उभी फाटू शकते.

नऊ टक्के क्रोमियमच्या पोलादाला सुटका आहे. सुमारे 1050 अंशांपर्यंत तापवलं की त्याची स्फटिकरचनाच पालटते आणि थंड होताना लांबट स्फटिक मोडतात. अठरा टक्क्यांच्या पोलादात असा पालट होत नाही. तिथे दाबून, तापवून नवे स्फटिक घडवावे लागतात, आणि त्यांच्या सीमा अडवून धरतात ते हेच ठिपके! बळ देणारेच आडवे येतात. कल्पाक्कम आणि हैदराबादच्या संशोधकांनी दोन्ही पोलादांवर काम केलं आहे. डहाणूच्या दक्षिणेला तारापूरच्या अणुभट्ट्यांत झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्या आहेत. हे पोलाद पुढच्या द्रुत अणुभट्ट्यांसाठी आहे.

वारली चित्रकाराची कुंचली म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. तिथे बांबूचे धागे आधी सुटतात, मग ठिपका उमटतो. पोलादात ठिपका आधी उमटतो आणि धागे मोडायची वेळ नंतर येते. सगळी अवघड कारागिरी या उलट्या क्रमात आहे.