थोर कोण आणि प्रभावी कोण?

गाण्याची बैठक उठल्यावर जी दुसरी बैठक बसते, तिची रंगत पुष्कळदां पहिलीहून अधिक असते. तिच्यांत स्वर नसतात. मतें मात्र तारसप्तकांत असतात. डहाणूजवळील आगर येथें एका स्नेह्यांच्या चिकूच्या वाडींत अशाच एका बैठकींत बसण्याचा योग आम्हांस नुकताच आला. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकून झाल्या होत्या. चहा आला आणि एका वृद्ध गृहस्थांनीं सहज उद्गार काढले कीं, मराठी गाण्यावर एवढा प्रभाव दुसऱ्या कोणाचा झालाच नाहीं. झालें! मास्टर दीनानाथांचे एक अभिमानी सरसावून बसले. तिसऱ्यानें केशवराव भोसल्यांचें नांव पुढें केलें. दिवेलागण झाली तरी वाद मिटेना. शेवटीं यजमानांची नात म्हणाली, "आजोबा, ज्याच्या वडिलांच्या कपाटांत ज्या तबकड्या होत्या, त्यांचीच बाजू तो मांडतो आहे!"

मुलगी हंसत बोलली; पण तिनें वर्मावर बोट ठेवलें, असें आम्हांस वाटतें. आपण 'प्रभाव' म्हणतों तेव्हां बहुधा आपल्या प्रेमाचेंच माप सांगत असतों.

हा वाद जुना आहे. ता. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडाच्या साह्यार्थ संयुक्त 'मानापमान' झालें. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोघे गायक फंडासाठीं एकत्र आले. प्रेक्षक मात्र तराजू घेऊन आले होते, आणि तो तराजू मराठी घरांतून अद्याप खालीं ठेवलेला नाहीं. तथापि एक गोष्ट विसरली जाते. पुढें तीनच महिन्यांनीं, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव निवर्तले. वय अवघें एकतीस. बालगंधर्व १९६७ पर्यंत जगले. दीनानाथांना १९०० ते १९४२ एवढेंच आयुष्य लाभलें. ज्यास आयुष्य अधिक आणि ज्याच्या तबकड्या अधिक, त्याचा प्रभाव अधिक दिसणारच. हा दैवाचा हिशेब झाला. तो गुणांचा हिशेब म्हणून मांडणें न्यायाचें नव्हे.

दुसरा घोटाळा अनुकरणाचा. बालगंधर्वांची लडिवाळ फिरत गळ्यांत आणण्याचा यत्न करणारे गायक एकेकाळीं गांवोगांव होते. त्यांतील बहुतेकांचीं नांवें आज उरलीं नाहींत. आणि उरावींत तरी कां? नक्कल ही मूळ वस्तूची थोरवी सांगते, तिचा वंश वाढवीत नाहीं. खरा प्रभाव कोठें दिसतो? कुमार गंधर्वांच्या गायनांत बालगंधर्वांचें बाह्य साम्य शोधूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. तरी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम त्यांनींच केला. त्या नांवांतील 'उमजलेले' हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. ऐकलेले नव्हे, उचललेले नव्हे, उमजलेले! तसेंच दीनानाथांचें. त्यांच्या गाण्यांतील तेज आणि बेफिकिरी वसंतराव देशपांड्यांनीं पचविली, आणि १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकांत खांसाहेबांच्या भूमिकेंत ती सर्वस्वीं त्यांची होऊन प्रकट झाली. घेतलेलें जेथें ओळखूं येत नाहीं पण त्यावांचून चालत नाहीं, तेथें प्रभाव आहे, असें आम्ही समजतों.

ही कसोटी मान्य केली, तर प्रवाहाच्या उलट्या दिशेनेंही चालावें लागतें. बालगंधर्वांच्या मागें कोण? भास्करबुवा बखले. फैज महंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां अशा तीन थोर उस्तादांची विद्या या एका मराठी माणसानें गळ्यांत सांठविली. १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज काढला. १९१६ सालीं 'स्वयंवर'ला चाली दिल्या. आणि खानदानी ख्यालाचा दरवाजा नाटकगृहांतून सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर उघडला. बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्टर कृष्णरावही त्यांचेच. आणि कृष्णरावांनीं तोच ओघ पुढें 'प्रभात'च्या बोलपटांत नेला. बुवा १९२२ सालीं वारले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाहीं. म्हणजे ज्यांचें गाणें आम्हांपैकीं कोणींच ऐकलेलें नाहीं, त्यांचेंच गाणें आम्ही सर्वजण इतरांच्या गळ्यांतून ऐकत आलों! आमचा हात पिरगळून कोणीं एकच नांव मागितलें, तर आम्ही हें देऊं.

यावर आक्षेप येईल कीं, नारायणरावांचा गळा नसता तर बुवांच्या चाली ओसरीपर्यंत पोंचल्याच नसत्या. आक्षेप खरा आहे. किंबहुना त्याला आम्ही आणखी जोड देतों. विष्णु दिगंबरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून कुलीन घरांतील मुलांस गाणें शिकण्याची प्रतिष्ठा दिली नसती, भातखंड्यांनीं उस्तादांकडून मिळविलेल्या चिजा छापून सर्वांपुढें ठेविल्या नसत्या, तर वाद घालण्याइतके जाणते श्रोते तरी कोठून मिळते? प्रभाव ही एकाची मिरास नव्हे. ती हातोहात दिलेली ठेव आहे.

वाद ऐन भरांत असतां दूरच्या पाड्यावरून तारप्याचा सूर येऊं लागला. सुकलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढेंच हें वारल्यांचें वाद्य. पण श्वास न तोडतां वाजविणाऱ्याभोंवतीं नाचणाऱ्यांची साखळी फिरते आणि त्याच्या सुराबरोबर तिचीं पावलें पालटतात. याच तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं हा नाच कागदावर उतरविला आणि २०११ सालीं पद्मश्रीचा मान मिळविला. चित्रकाराचें नांव जगास ठाऊक झालें, तें योग्यच झालें. पण ज्या तारपेवाल्यांच्या सुरावर तीं पावलें प्रथम वळलीं, त्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. तो सूर पिढ्यान्‌पिढ्या पावलें वळवीत आला आहे. याहून मोठा प्रभाव कोणता?

वाद घालूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या घरांत गवयांवरून भांडण होतें, त्या घरांत गाणें जिवंत आहे. आमचें मागणें एवढेंच कीं, "मोठा कोण?" या प्रश्नाआधीं "यानें कोणाकडून घेतलें आणि कोणास दिलें?" हा प्रश्न विचारावा. त्या सायंकाळीं तो विचारला जातांच दीनानाथांचे अभिमानी कांहीं वेळ गप्प बसले, आणि मग स्वतः उठून त्यांनीं बालगंधर्वांचीच तबकडी पुन्हां लावली.